खाकी कव्हरातली कादंबरी

नाहूरला आमच्या सोसायटीत लिफ्टसमोर एक चपलांचा रॅक आहे. त्यात चपला नाहीत, पुस्तकं आहेत. एक कुटुंब फ्लॅट विकून गेलं आणि रॅक मागे टाकून गेलं. ए विंगमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने तो पुसून घेतला, घरातली जुनी पुस्तकं त्यात लावली आणि वर कागद चिकटवला, 'न्या, वाचा, पंधरा दिवसांत परत ठेवा. फुकट आहे.' प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बाई एक कोरा कागद डकवतात. वाचून झालं की त्यावर फ्लॅटचा नंबर घालायचा आणि एक ओळ लिहायची. नाव घालायचं नाही. नाव आलं की माणसं गोडगोड लिहितात, असं बाईंचं म्हणणं.

त्यामुळे लोक बेधडक लिहितात. 'ए-४०२. झोप चांगली लागते.' 'सी-२०१. मधली साठ पानं सोडली तरी चालतं.'

माझे दोन कथासंग्रह त्या रॅकवर आहेत. मीच ठेवले, वरच्या कप्प्यात, डोळ्यांसमोर येतील असे. दोन वर्षं झाली. लिफ्टची वाट बघताना मी सहज हात गेल्यासारखं करून त्यांची शेवटची पानं उघडायचे. कागद कोरेच. शेजारच्या एका रहस्यकथेला मात्र बाईंना तिसरा कागद डकवावा लागला होता, इतके लोक लिहीत होते. माझ्या पोटात दुखायचं. हे मी आत्ता हसत लिहितेय, तेव्हा हसू येत नव्हतं.

ती कादंबरी मला खालच्या कप्प्यात सापडली, दहावीच्या जुन्या गाइडांच्या मागे. मुखपृष्ठावर पातेलं होतं, म्हणून वाटलं पाककृतींचं पुस्तक असेल. लेखिकेचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं. प्रकाशक कुठल्याशा तालुक्याच्या गावचा. पहिलं पान उभ्याने वाचलं आणि लिफ्ट दोनदा येऊन गेली.

तीनशे मुलींच्या वसतिगृहातला एका दुपारचा स्वयंपाक, एवढीच त्या कादंबरीची गोष्ट. पहाटे चूल पेटते तिथे सुरू होते आणि शेवटचं पातेलं घासून पालथं पडतं तिथे संपते. पाककृती एकही नाही. स्वयंपाकीणबाई फाटक्या तोंडाची, रेक्टरची नक्कल करणारी, पहिला तळलेला पापड स्वतः खाणारी. तिला कुणाची दया येत नाही आणि वाचणाऱ्यालाही तिची येत नाही. दोनशे पानं नुसतं कापणं, निवडणं, मळणं, भांडणं. आणि पुस्तक हातातून सुटत नाही.

मी ते एका दिवसात संपवलं आणि माझा नुसता जळफळाट झाला. कारण ती कादंबरी माझी होती. म्हणजे, मी लिहायची होती.

माझी आई विक्रोळीच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं पोळ्या लाटत होती. वडील त्याच कारखान्यात कामाला. आता वडील नाहीत, आई शहात्तर वर्षांची आहे आणि माझ्याकडे राहते. तिच्या कॅन्टीनवर मी कादंबरी लिहिणार, हे गेली अकरा वर्षं मी भेटेल त्याला सांगत आलेय. त्यासाठी एक जाड वही केलीय. तिची नऊ पानं भरलीत. कारण मी वही उघडून समोर बसले आणि 'आई, कॅन्टीनचं सांग ना' म्हटलं, की आई म्हणते, "त्यात काय सांगायचं? पोळ्या लाटायचे."

दुसऱ्या दिवशी मी ते पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं, चुका काढायला. चूक सापडली की जरा बरं वाटतं, हा लिहिणाऱ्यांचा जुना आजार आहे. एका ठिकाणी ती स्वयंपाकीण थंडीत कोमट पाण्याने कणीक मळते आणि वर ओलं पोतं टाकते. म्हटलं, सापडली! अन्नावर पोतं कोण टाकेल? मी तडक स्वयंपाकघरात गेले.

आमच्या स्वयंपाकघराबद्दल एक सांगायला हवं. तिथे डब्यावरचं नाव आणि आतली वस्तू यांचा काही संबंध नसतो. मी हौसेने लेबलं चिकटवते आणि आई हाताला येईल त्या डब्यात येईल ते ओतते. 'साखर' लिहिलंय त्यात तूरडाळ, 'चहा'मध्ये रवा. मी चिडले की ती म्हणते, "झाकण उघडून बघायला काय होतं? कॅन्टीनमध्ये लेबलं वाचत बसले असते तर साहेबांच्या चहात मीठ गेलं असतं."

तर मी तिला विचारलं, "थंडीत कणकेवर ओलं पोतं कुणी टाकतं का गं?"

"मग काय गोधडी टाकतात? एवढी कणीक वरून सुकते. स्वच्छ धुतलेलं पोतं असायचं आमचं." ती डाळ निवडायची थांबली. "तुला कुणी सांगितलं पोत्याचं?"

"पुस्तकात आहे."

"बघू."

आई चौथी शिकलेली. रोज पेपर वाचते, पण पुस्तक हातात धरलेलं मी पाहिलं नव्हतं. माझी दोन्ही पुस्तकं तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, विहारात नेसून जायच्या पांढऱ्या साडीखाली ठेवलेली. जपून ठेवलीत, एवढंच म्हणायची. मी समजून चालले होते की तिला अख्खं पुस्तक वाचायला जमत नाही.

तिला झकास जमत होतं. दुपारी बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून, ओळीखाली बोट धरून, अर्धवट मोठ्याने ती वाचू लागली. मध्येच हसायची. "अगदी, बाई, अगदी!" असं त्या छापील स्वयंपाकिणीला म्हणायची. एकदा तर पुस्तक मांडीवर पालथं घालून हसून हसून डोळे पुसले. मी आतून बघत होते. माझ्या लिखाणाने आईच्या डोळ्यांत असं पाणी कधी आणलं नव्हतं.

त्या पुस्तकाच्या शेवटच्या कागदावर एकच ओळ होती. 'बी-१०४. पापडाचं पान दोनदा वाचलं.' ती वाचून आई उठली आणि तडक खाली गेली. बी-१०४ मध्ये एक कोळी काकू राहतात. जन्म मासळीबाजारात गेला, आता सुना धंदा बघतात. वर्षानुवर्षं दोघी एकमेकींना लिफ्टमध्ये नुसतं 'बरं आहे ना' म्हणत होत्या. आता या पुस्तकावरून रोज दोन दोन तास बैठक बसू लागली.

एका संध्याकाळी मी आईला बोलवायला खाली गेले. त्यांचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. आतून आईचा आवाज येत होता. कारखान्याच्या वर्धापनदिनाला कॅन्टीनच्या बायकांनी चाळीस गरम पुऱ्या पिठाच्या पिंपात लपवल्या, पाहुणे जेवत होते तेव्हा स्टोअरची कडी आतून लावून खाल्ल्या, आणि मॅनेजर दार ठोकायला लागल्यावर आईने त्याच्याच आवाजात आतून त्याला झापलं. आईने तो आवाज काढून दाखवला. काकू "अगो बाय! अगो बाय!" करत हसत होत्या.

मी बेल न वाजवता उभी राहिले. अकरा वर्षं, नऊ पानं. त्यात एकही पुरी नव्हती.

घरी आल्यावर जे केलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. आईची अजून वीसेक पानं राहिली होती. पंधरा दिवस मात्र उलटून गेले होते. दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेली तेव्हा मी त्या पुस्तकाला खाकी कागदाचं कव्हर घातलं, वर लेबल चिकटवलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'सोसायटीचे नियम व पोटनियम'. घरबांधणी सोसायटीत ज्याला कुणी बोट लावत नाही असं याहून दुसरं पुस्तक नाही. खाली नेऊन गाइडांच्या मागे खुपसलं.

"पुस्तक कुठाय?" आईने विचारलं.

"परत केलं. पंधरा दिवस होऊन गेले ना."

"माझं संपलं नव्हतं."

"नियम आहे, आई."

"बरं," ती म्हणाली आणि डाळीला फोडणी घालायला गेली.

दोन दिवसांनी वॉचमन मला म्हणाला, "आजी रोज रॅकसमोर स्टूल टाकून बसतात. एकेक पुस्तक उघडून बघतात." मी हसून विषय बदलला. चाळीस वर्षं जिने डब्यावरच्या नावावर विश्वास ठेवला नाही, तिच्यापासून मी लेबल लावून वस्तू लपवली होती.

तिसऱ्या दिवशी ती वर आली. कादंबरी एका हातात आणि नीट घडी केलेलं खाकी कव्हर दुसऱ्या हातात. कव्हर तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"अक्षर तुझं आहे," ती म्हणाली.

मी कव्हर उचलून टेबलाच्या खणात टाकलं.

"चांगलं अक्षर आहे," ती म्हणाली आणि बाल्कनीत जाऊन उरलेली वीस पानं वाचत बसली. नेहमीपेक्षा मोठ्याने. मला ऐकू जावं म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्या टेबलावरचं पेन उचललं आणि खाली गेली. ती परत आल्यावर, दूध आणायचं निमित्त करून, मी उतरले. कादंबरी वरच्या कप्प्यात, डोळ्यांसमोर लावलेली होती. शेवटच्या कागदावर वाकडंतिकडं पण ठाम अक्षर होतं. 'बी-३०३. मुलीने लपवून ठेवली होती. म्हणजे चांगलीच आहे. सगळ्यांनी वाचा.'

सगळ्यांनी वाचली. आता त्या कादंबरीसाठी लोक नंबर लावतात आणि लिफ्टमध्ये मला बघून गालातल्या गालात हसतात. पण त्या सकाळी मला एवढंच वाटलं की माझ्या पुस्तकांवर अशी एक ओळ कुणी लिहिली असती तर. सवयीने हात माझ्या पहिल्या कथासंग्रहाकडे गेला. शेवटचं पान उघडलं. कागद कोरा नव्हता.

'बी-३०३. दोन वेळा वाचलं. यातली आई सारखी सोसते नाहीतर रडते. मी एवढी रडले नाही. वही न घेता विचारावं.'

मी दूध न आणताच वर गेले. आई कणीक मळत होती. मी शेजारी ओट्याला टेकून उभी राहिले, हात मोकळे.

"कॅन्टीनमध्ये मजा यायची तुला?" मी विचारलं.

"मग? घरी कुठे होती एवढी माणसं हसायला?" ती म्हणाली, आणि मग सांगू लागली. पोळ्या होईपर्यंत सांगत होती. एक गोष्ट अशी निघाली की मी ओट्याचा टेका सोडून तिच्याकडे वळले.

"हे खालच्या काकूंना सांगितलंस?" माझ्या तोंडून पहिला प्रश्न हाच गेला.

"छे. हे कुणालाच नाही सांगितलं."

ती गोष्ट मी इथे लिहिणार नाही.