दाजींचं घरचं टपाल

ज्याला आमच्या दाजींनी लिनक्सची सीडी दिली नाही असा माणूस बोरी बुद्रुकच्या पंचक्रोशीत शोधायचा, तर तो अजून जन्माला यायचा असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, नोकरीला खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर. तिथेच कुणीतरी त्यांना हे वेड लावलं. संगणक चालवायची ही प्रणाली कुणीही घ्यावी, कुणालाही द्यावी. दाजींच्या मते तो विरजणाचा प्रकार होता. शेजारणीने वाटीभर दिलं म्हणून तिचं दही काही कमी होत नाही. लग्नात लोक टॉवेल-टोपीचा आहेर करत, दाजी नारळ आणि सीडी देत. आता संगणक होता कुणाकडे? त्या सीड्या पुढे द्राक्षबागांत पाखरं हुसकायला टांगलेल्या दिसू लागल्या. मी चिडवलं, तर शांतपणे म्हणाले, "पावणं, दिलेल्या विरजणाचं कुणी दही केलं का कढी, आपण इचारू न्हाई."

खरा हट्ट टपालाचा. सगळं जग मोठ्या कंपन्यांच्या फुकट पत्त्यांवर ई-मेल घेत होतं, तर दाजींनी घरात कणगीशेजारी स्वतःचा सर्व्हर, म्हणजे टपाल उतरवून घेणारा संगणक, मांडला. आपलं टपाल दुसऱ्याच्या पडवीत कशाला, असं त्यांचं म्हणणं. अडचण एवढीच, की वीज असेल तेव्हाच टपाल येई, आणि वीज भारनियमनाच्या मर्जीने. पण पाठवणारा संगणक पुन्हा पुन्हा दार वाजवत राहतो, त्यामुळे पत्र उशिरा का होईना, पोचायचं.

मग भाची, म्हणजे दाजींची लेक, अमेरिकेत बाळंत झाली. मुलगा झाल्याचा फोन आला, फोटो ई-मेलने येणार होता, आणि नेमकी गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली. फार दिवस दार उघडलं नाही तर पत्र माघारी जातं, हे दाजींनीच पूर्वी ताईला हौसेने समजावलं होतं. ते आता त्यांना चांगलंच भोवलं. ताईने बोलणं टाकलं. मी माझ्या गावाहून, पेठेहून, गेलो आणि नारायणगावच्या सायबर कॅफेत कंपनीचा ई-मेल पत्ता काढून देतो म्हणालो. ताई लुगडं बदलून निघालीच होती, तेवढ्यात दाजी ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात घेऊन आले.

टेलिफोन चालू होता, आणि इंटरनेट त्याच्याच तारेवरून येई. बॅटरीला इन्व्हर्टर जोडला. पडद्याला वीज पुरणार नाही म्हणून तो बंद ठेवून दाजी नुसतीच बोटं चालवत राहिले. काय लिहिताहेत ते त्यांनाही दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने जुना प्रिंटर करकरायला लागला. आधी टोपडं उमटलं, मग कपाळ, भुवया, मिटलेले डोळे. नाकाच्या शेंड्याशी बॅटरी संपली.

दाजींचा चेहरा बघवेना. "जावा तुमी नारायणगावला," ते हळूच म्हणाले. ताईने कागद खिडकीशी नेऊन कितीतरी वेळ पाहिला.

"कशाला?" ती म्हणाली. "कपाळ तुमचंच हाय. खालचं उद्या बघू."

आता दाजी नाहीत. नातू ताईच्या मोबाइलवर रोज दिसतो, आणि मोबाइल बदलला की जुने फोटो कुठे जातात ते तिला ठाऊक नसतं. तो अर्धा कागद मात्र देवाच्या कोनाड्यात आहे. परवा तो पाहिला आणि दाजींची फार आठवण आली. दुसऱ्या दिवशी अख्खा फोटो निघाला होता, तो कुठे आहे, असं मी ताईला विचारलं.

"आसंल कुठंतरी," ती म्हणाली. "ह्यो त्यांनी बॅटरी उचलून घरी आणल्याला हाय."