एकोणीस वेळा नेपाळ

बाळा राऊळ एकोणीस वेळा नेपाळला जाऊन आला होता. काश्मीर तीसेक वेळा झालं असेल, केरळचा हिशोब त्याने ठेवला नव्हता. बोरीवली पूर्वेच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये एवढं फिरलेलं दुसरं कोणी नव्हतं.

तो अंधेरीतल्या एका टूर कंपनीत आचारी होता. मराठी माणूस हिमालयात गेला तरी रात्री त्याला वरणभात लागतो, म्हणून कंपनी प्रत्येक टूरबरोबर आपला आचारी, एक मदतनीस आणि भांडीकुंडी पाठवायची. प्रवासी नाश्ता करून बसमधून स्थळं बघायला निघत. किचनची गाडी त्यांच्याआधी, बहुतेकदा पहाटे चारलाच, थेट पुढच्या मुक्कामी जायची, कारण बस पोचायच्या आत आमटीला फोडणी पडलेली असली पाहिजे. मुक्काम दोन दिवसांचा असला तरी मधला वेळ दुपारचं जेवण, चारचा चहा आणि भजी यांत जायचा. सत्तावीस वर्षांत बाळाने प्रत्येक गावातलं एकच हॉटेल पाहिलं, तेही मागच्या बाजूने. भाजीबाजार मात्र त्याला सगळीकडचे पाठ होते.

तो आचारी आहे हे त्याच्या बायकोला माहीत होतं, पण त्याने काही बघितलेलं नाही हे माहीत नव्हतं.

पहिल्या टूरवरून तो परतला तेव्हा प्रेमा चहाचे दोन कप घेऊन समोर येऊन बसली. "सांगा. काय काय बघितलंत?" ती लग्नाआधी कुडाळ आणि लग्नानंतर बोरीवली एवढंच पाहिलेली बाई. तिच्या तोंडाकडे बघून त्याला 'काही नाही' म्हणवेना. मग वाढताना पंगतीत जे कानावर पडलं होतं ते त्याने सांगितलं. जिथे कमी पडलं तिथे आपल्या पदरचं घातलं. प्रेमा ऐकत राहिली, चहा गार झाला. पुढच्या वेळी परत येताना तो गाडीतच काय सांगायचं ते जुळवून आला.

प्रेमाची ऐट त्यावर होती. महिला मंडळाची काश्मीर सहल निघाली तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची चेतना तिला बोलवायला आली होती. प्रेमा म्हणाली, "मी कशाला पैसे घालू? मला सगळं पाठ आहे. आमच्या ह्यांनी इंच इंच सांगितलंय."

बाळा साठ वर्षांचा झाला, निवृत्त झाला, आणि कंपनीने शालीबरोबर दोन माणसांची एक टूर भेट दिली. कुठलीही निवडा म्हणाले. घरी येऊन त्याने हळूच सुचवलं, "गोवा बरा."

"कुडाळचा माणूस गोव्याला टूरने जातो काय?" प्रेमा म्हणाली. "नेपाळ. तुम्ही असल्यावर मला गाईडची गरज नाही."

दिवाळीनंतर ते निघाले. विमानात प्रेमा खिडकीशी होती, बाळा मधल्या सीटवर. सत्तावीस वर्षं तो रेल्वेने आणि टेम्पोने गेला होता. विमानाचा पट्टा त्याने शेजाऱ्याचं बघून लावला. काठमांडूत बसमध्ये टूर मॅनेजर सुयोगने माईक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "आपल्यासोबत आज एक खास प्रवासी आहेत. बाळाकाका. एकोणीस वेळा नेपाळ. मला काही आठवलं नाही तर मी त्यांनाच विचारणार." बसने टाळ्या वाजवल्या. सुयोग गेल्याच वर्षी कंपनीत आला होता. बाळाला तो फक्त गोदामात भेटला होता, एका टूरवर दोघे कधी गेले नव्हते.

बाळाने एक युक्ती काढली. कुठेही उतरलं की तो सुयोगला चिकटून चालायचा, त्याचं बोलणं कानात साठवायचा आणि दोन पावलं मागे येऊन तेच प्रेमाला सांगायचा. स्वयंभूनाथला पायऱ्या चढताना माकडांनी कोणाची तरी बिस्किटं पळवली. हे त्याने घरी आधीच सांगितलेलं होतं, आणि ते तसंच घडलं. प्रेमा म्हणाली, "तुम्ही म्हणालात तस्संच आहे हो." त्या रात्री तो पोटभर जेवला. भात थोडा मऊ झाला होता, पण नव्या आचाऱ्याला तो काही बोलला नाही.

मुलुंडचे अनिरुद्ध वैद्य नावाचे एक निवृत्त इंजिनीयर बसमध्ये होते. ते वहीत सगळं टिपून घेत. "काका, हे देऊळ कुठल्या साली बांधलं?" बाळा म्हणाला, "जुनं आहे." वैद्यांनी वहीत लिहिलं, 'जुनं'.

पोखऱ्याला जाणारा रस्ता आठ तासांचा. वाटेत एक वळण आलं तसा बाळा आपसूक म्हणाला, "इथून पुढे फ्लॉवर स्वस्त मिळतो."

"फ्लॉवर?" प्रेमाने त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे, पिकतो इथे."

दुसऱ्या दिवशी धबधबा होता. हा धबधबा बाळाच्या सगळ्या गोष्टींमध्ये प्रेमाच्या विशेष आवडीचा. तो किती उंच, खाली उभं राहिलं की मान कशी मागे न्यावी लागते, डोक्यावरची टोपी कशी पडते, तुषार तोंडावर कसे येतात, हे तिने चेतनाला आणि चेतनाच्या सुनेलाही सांगितलं होतं. बाळाने हा धबधबा आंबोलीवरून घेतला होता. प्रवासी पंगतीत म्हणाले होते, 'डोळे फिरले.' कोकणातल्या माणसाच्या लेखी धबधबा म्हणजे वरून येणार, आपण खाली उभे राहणार. त्यात विचारण्यासारखं काय होतं?

तिकीट काढून सगळे आत गेले. पाण्याचा आवाज येत होता. प्रेमाने चालतानाच मान वर केली. वर आकाश होतं, झाडं होती. लोक एका लोखंडी कठड्याला ओणवून खाली बघत होते. ती तिथे गेली. पाणी त्यांच्या पायांच्याही खालून खडकातल्या एका फटीत घुसत होतं आणि जमिनीच्या पोटात नाहीसं होत होतं. उंच असं काहीच नव्हतं.

सुयोग सांगत होता, हा धबधबा फक्त वरूनच बघता येतो, खाली उभं राहायला जागाच नाही.

प्रेमा बराच वेळ खाली बघत राहिली. मागून वैद्य आले. "काका, तुम्ही बसमध्ये म्हणत होतात, टोपी सांभाळा म्हणून?"

 प्रेमा मागे न वळता म्हणाली, "वाकून बघताना पडते ना टोपी." वैद्यांना ते पटलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

हॉटेलच्या खोलीत आल्यावर तिने पर्स पलंगावर ठेवली. "तुम्ही कुठे असायचात?"

"किचनमध्ये."

"एकोणीस वेळा?"

"हो."

"आणि काश्मीर?"

"काश्मीरलापण."

"केरळची ती बोट? ती तरी खरी काय?"

"बोट खरी. तिच्यातल्या किचनमध्ये होतो. छोटी खिडकी होती."

प्रेमाला हसू आलं नाही. "तुम्ही कांदे कापत होतात याचं मला काही नाही. कामच होतं ते. पण मंडळाच्या बायका काश्मीरला गेल्या तेव्हा मी घरी बसले. मला वाटलं, मी बघितल्यासारखंच आहे." ती पलंगाच्या कडेला बसली. "सांगायचं होतं ना हो तेव्हा तरी."

तेव्हा सांगावं असं बाळाला वाटलं होतं. चेतना दारात उभी असताना तो आत लसूण सोलत होता आणि सगळं ऐकत होता. हे मात्र त्याने आता सांगितलं नाही.

त्यानंतर प्रेमा त्याच्याशी कामापुरतं बोलायची. गोळी घेतली का, चप्पल कुठे आहे. बसमध्ये काही विचारायचं झालं तर ती हात वर करून सुयोगला विचारायची. बाळा शेजारी बसून राहायचा. आधीच्या एकोणीस खेपांत त्याला एवढं मोकळं कोणी सोडलं नव्हतं, आणि ते त्याला अजिबात मानवत नव्हतं.

चितवनच्या वाटेवर सुयोगने माईक त्याच्यापुढे धरला. "काका, उद्या गेंडे बघायचेत. तुमचा एखादा किस्सा होऊन जाऊ दे."

बाळाने माईक घेतला. प्रेमा खिडकीबाहेर बघत होती. गेंड्याचा एक किस्सा त्याच्याकडे तयार होता, आणि चांगला होता.

"मी गेंडा बघितलेला नाही," तो म्हणाला. "यातलं मी काहीच बघितलेलं नाही. आमची गाडी पहाटेच पुढे जायची, तुमचं जेवण करायला. मी जे सांगितलं ते पॅसेंजर लोकांचं ऐकलेलं. काही माझं स्वतःचं. धबधब्याचं चुकलं."

 मागून कोणीतरी विचारलं, "मग काका, त्या गाडीतून काय दिसायचं?"

"पातेली."

बस हसली. वैद्यांनी वही उघडली, 'जुनं' या शब्दावर काट मारली आणि सुयोगला साल विचारलं. प्रेमा अजून बाहेरच बघत होती. दुसऱ्या दिवशी जीपमधून गेंडा दिसला तेव्हा तिने बाळाच्या दंडाला धरून त्याला पुढे ओढलं, कारण तो चुकीच्या बाजूला बघत होता. एवढंच.

बोरीवलीला परतल्यावर चेतना ऐकायला आली. या वेळी प्रेमा बोलली आणि बाळाने चहा केला. धबधबा वरून येत नाही, आपल्या पायांखाली जमिनीत पडतो, हे तिने सरळ सांगितलं. आधी जे सांगितलं होतं ते चूक होतं, हेही सांगितलं. कोणाची चूक ते चेतनाने विचारलं नाही.

मे महिन्यात प्रेमा चेतनाबरोबर केरळला गेली. त्याच कंपनीच्या टूरने, आठ दिवस. बाळाला चल म्हणाली नाही, आणि त्यानेही विषय काढला नाही. तो घरी एकट्यापुरता भात लावायचा आणि तो रोज उरायचा. तीस-चाळीस माणसांचा अंदाज असलेला हात एका माणसाला जमत नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मागे बायकांचा गलका होता.

"बोटीत बसलेय," ती म्हणाली. "वरती."

"बरं," तो म्हणाला. मग त्याला राहवलं नाही. "जेवायला काय होतं?"

"आमटी होती. गूळ कमी पडला होता."

"कोण आहे आचारी?"

"मी काय आत जाऊन बघत नाही," प्रेमा म्हणाली. "ठेवते आता. मला बाहेर बघायचंय."