वाऱ्यावरचे व्याही

आमच्या व्याह्यांइतका अस्वस्थ माणूस कृष्णाकाठी दुसरा जन्मला नसेल. सुभेदार होऊन फौजेतून सांगलीला परतले, तेव्हा वाटलं, आता ऊस बघतील, नातवंडं खेळवतील. पण फौजेत त्यांना शिडाच्या होड्यांचा नाद लागला होता. एका शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या मागे लागून त्यांनी चार जुन्या होड्या आणवल्या आणि मुलांना शिकवायला लागले. तेव्हापासून ते घरात म्हणून टेकले नाहीत. बोलता बोलता झाडाचं पान हललं की चपला शोधायला लागायचे. माझ्या मुलीच्या, म्हणजे त्यांच्याच सुनेच्या, डोहाळजेवणात मला गच्चीवर नेऊन वाळत घातलेल्या लुगड्यावर शीड कसं फिरवायचं ते समजावलं. मुलीचा बाप पडलो, मी मान डोलावत राहिलो. एकदा मला होडीतही बसवलं. "व्याही, वारा काय दावणीचा बैल न्हाई. त्यो कुठनं येतोय ते आधी मानंला कळलं पायजे," असं ते सांगत होते तेवढ्यात शीड फिरलं आणि त्याचा आडवा दांडा माझ्या मानेवर बसला. मग मी काठावरूनच कौतुक करायचं ठरवलं.

त्यांची लाडकी शिष्या आटपाडीकडची, नववीतली. टँकरच्या पाण्यावर वाढलेली पोर, पण शिडावर तिचा हात असा बसला की व्याही उठता बसता तिचंच नाव घ्यायचे. त्या वर्षी बाईंनी बजावलं होतं, की आंतरशालेय शर्यतीत पहिल्या तिनात कुणी आलं नाही तर होड्या बंद.

शर्यत साताऱ्याकडच्या एका धरणात होती. ज्याला वळसा घालून परत यायचं, तो पाण्यावर तरंगणारा बोया शेंदरी रंगाचा, गोल. व्याह्यांना त्यात देवच दिसला. सकाळी आयोजकांच्या बोटीतून जाऊन त्यांनी बोयाला झेंडूची माळ घातली, नारळ वाढवला आणि प्रसाद समोरच्या शाळांच्या मुलांनाही वाटला. नियम असा, की बोया डाव्या हाताला ठेवून वळायचं. पोरीला हे पाठ होतं. ती सगळ्यांच्या पुढे बोयापाशी पोचली, माळ बघून तिने कपाळाला हात लावला आणि देवळात घालावी तशी, बोया उजव्या हाताला ठेवून, प्रदक्षिणा घालून आली.

मी टाळ्या पिटत होतो. शेजारी बघितलं तर व्याह्यांनी टोपी तोंडात कोंबली होती. मागे जाऊन चूक सुधारायला पोरीला वेळ होता. पण काठावरून सांगणं नियमात बसत नाही. त्यांचा आवाज तासगावपर्यंत जाईल असा, एक हाक पुरली असती. ते काठाने नुसते येरझारा घालत राहिले. पोर पहिली आली आणि बाद झाली.

"सर, तुमी वरडला का न्हाई?" तिने रडत विचारलं.

"वरडलो असतो तर शर्यत मी मारली असती, बाय. तू न्हाई. आणि चूक माझी हाय. माळ मी घातली."

बाईंनाही त्यांनी हेच सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि होड्या बंद केल्या.

आता व्याही वरचेवर आमच्याकडे येतात. खुर्चीत ऐसपैस बसून भावकीच्या गोष्टी ऐकतात. बाहेर वारा सुटतो, खिडक्या आपटतात, तरी उठत नाहीत. आमच्या हिला वाटतं, व्याही शेवटी माणसात आले. मला ते बघवत नाही.