पिठाला आलेला ताप

गिरणीतून दळण आलं की मी अजून डब्याचं झाकण काढते आणि पिठात हात घालून बघते. सून हसते. म्हणते, "आता काय बघायचं राहिलंय त्यात? गिरणीचं पीठ, कढतच असणार की." खरं आहे तिचं. पण ह्या कढत पिठावरून आमच्या घरात एके काळी आई आणि लेक एकमेकांकडं न बघता जेवत होते, हे तिला कुठं ठाऊक? मला अक्षरं उशिरा आली, नातवंडांच्या पाट्या बघून बघून. त्यामुळं लिहिणं बोलल्यासारखंच होणार. तेवढं चालवून घ्या.

मी मूळची गगनबावड्याकडची. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा महाराजांचं राज्य होतं. आमच्याकडं सहा-सहा महिने पाऊस वाजायचा, इथं आले तर पहाटेपासून जातं वाजायचं. सासरे लवकर गेले होते. सासूनं दळणावर घर चालवलं आणि एकुलता लेक वाढवला. गल्लीतल्या घरांचा जोंधळा दळायची, घोड्यांसाठी हरभऱ्याचा भरडा काढायची. तिला मी पहिल्या दिवसापासून अम्माच म्हटलं, आणि अम्माला अहो-जाहो कोण करतं?

तिचा उजवा खांदा गेलेला होता. हात कानाच्या वर जायचा नाही. वेणीफणी मीच करून द्यायची. तरी ती जात्यावर बसायचीच. समोरून मी बसायची, खुंट्यावर खाली माझा हात, वर तिचा. समोरासमोर बसलं की तोंड फिरवून चालत नाही. माहेरची आठवण आली तर ती तिला माझ्या आधी कळायची. म्हणायची, "आज जातं जड चाललंय. आईची याद आली व्हय गं?" सासू-सुनेचं जे काय जमलं ते त्या दगडावरच जमलं.

आमचे मालक कापडाच्या गिरणीत फिटर होते. लहानपणी ते अम्माच्या मांडीवर निजायचे आणि अम्मा दळत असायची. "त्यो हिसका अजून माझ्या अंगात हाय," म्हणायचे. "दर फेऱ्याला तिचा खांदा कट्‌ करून वाजायचा, ते ऐकत मी निजायचो." त्यांनी मनाशी एकच गोष्ट धरली होती, की अम्माचा हात जात्यावरनं उठवायचा. त्या वेळेला कोल्हापुरात यंत्राचं वारं होतंच. जो उठेल तो इंजिनाच्या गोष्टी सांगायचा. ह्यांनी हातकणंगल्याच्या बाजूचं कुणाचं तरी जुनं विलायती इंजिन मिळवलं, नोकरी सोडली आणि घराला लागून जी पडवी होती तिथं पिठाची गिरणी घातली.

इंजिन आलं ते बैलगाडीतनं. गल्ली बघायला जमलेली. कोपऱ्यावरच्या काकी अम्माच्या बरोबरीच्या, जिभेला हाड नसलेल्या. त्या म्हणाल्या, "आक्का, इंजिनाला बैलं वढत्यात, आन् म्हणं इंजिन बैलाचं काम करणार."

अम्मा म्हणाली, "लहान हाय अजून. चालायला शिकंल."

ते इंजिन सुरू करायची एक तऱ्हा होती. आधी त्याच्या लोखंडी डोक्याखाली दिवा धरून ते चांगलं लाल होईस्तोवर तापवायचं, मग चाक फिरवायचं. अम्मा दारात उभी राहून बघत होती.

"हे काय करतोस?"

"डोकं तापल्याशिवाय चालत न्हाय हे, अम्मा."

"मग तुझाच भाऊ म्हणायचा," ती म्हणाली, आणि सगळी गल्ली हसली. मालकही हसले. तो दिवस चांगला होता.

पहिलं दळण घरचंच. मालकांनी जोंधळा ओतला, पट्टा खेकसला, दगड फिरला आणि बघता बघता डबा भरला. आम्हा दोघींची सगळी सकाळ जायची त्यात. डबा घेऊन ते अम्माच्या पुढ्यात आले. तिनं पिठात हात घातला आणि विस्तवाला लागल्यासारखा मागं घेतला.

"ह्याला ताप आलाय," ती म्हणाली.

"अगं, दगड जोरात फिरतोय. म्हणून ऊन लागतंय."

"तेच म्हणते मी. ताप आलाय."

मालकांनी झाकण गच्च बसवलं आणि डबा कोनाड्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी उघडला तर पिठाला कुबट वास. कढत पीठ कोंडलेलं, आतल्या आत घामेजलेलं. अम्मानं वास घेतला, डबा ह्यांच्या पुढं सरकवला. "बघ. जीव गेला त्याचा." आणि पदर खोचून जात्यावर जाऊन बसली.

पुढं गल्लीचं काय झालं ते सांगायला नको. काकींनी दारातच विचारलं, "आक्का, तू खातीस का ते?" अम्मा खोटं बोलायची नाही. "न्हाय," म्हणाली. "मग आमी का खावं?" झालं. बायका आपापल्या जात्यावर. गिरणीत यायचा तो घोड्यांचा भरडा, तेवढाच. घोड्यांनी काही तक्रार केली नाही.

मालक दिवसभर इंजिन पुसत बसायचे. पितळेचं काही असेल ते लखलखीत. एकदा मला म्हणाले, "महाराज तिकडं राधानगरीला आख्खी नदी अडवायला निघालेत, आन् मला घरातली एक अम्मा वळवता येईना."

मग त्यांनी भाकरी सोडली. जेवायला बसले आणि म्हणाले, "मला भातच वाढ."

अम्मा म्हणाली, "का? भाकरीनं काय केलंय?"

"ती तुझ्या खांद्याची हाय. मला गिळवत न्हाय."

अम्मानं भाकरी परत टोपलीत ठेवली. पण मी तिच्या समोर बसलेली, मला दिसलं. तिला ऐकू आलं ते निराळंच होतं. ह्यांना म्हणायचं होतं, आता तू दमू नको. तिला ऐकू आलं, आता तू नकोस. ज्या हातानं लेक वाढवला त्या हाताचं अन्न लेकानं ताटातनं काढलं होतं. दोघांचं म्हणणं मला कळत होतं, आणि दोघांना ते सांगायची माझी पोच नव्हती, मी लहान होते. मी मुकाट भाकरीही खायची आणि भातही खायची. त्या दिवसांत अंगानं मी बरी भरले.

पाऊस सरता सरता मला हिवताप झाला. थंडी वाजून आली की गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात थांबेनात. हकिमानं सांगितलं, जोंधळ्याच्या पिठाची पातळ कांजी द्या, जड काही नको. घरात पीठ नव्हतं. मी अंथरुणात, अम्मा जात्यावर एकटी. माझ्या खाटेवर आवाज यायचा. घर्र करून एक फेरा, आणि थांबणं. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा एक फेरा. खांदा एकट्यानं वढत नव्हता. मी उठायला बघितलं तर भिंतच फिरली.

मग तेही थांबलं. थोड्या वेळानं पडवीत इंजिनाचा आवाज सुरू झाला.

नंतर मालकांनी सांगितलं ते असं, की अम्मा सुपात जोंधळा घेऊन आली, त्यांच्याकडं न बघता सूप पुढं केलं आणि एवढंच म्हणाली, "दळ." ह्यांनी लगेच दिवा पेटवला. डोकं तापवलं, चाक फिरवलं.

पीठ घेऊन ती माझ्या खाटेशी येऊन बसली. एक हात माझ्या कपाळावर ठेवला, दुसरा पिठात. डोळे मिटून बसली होती, जशी कुणाची नाडी बघावी.

"दोघींचा सारखाच हाय," म्हणाली.

मग उठली. आमच्या खाटेशेजारी दुसरी खाट होती, तीवर धुतलेलं धोतर पसरलं आणि सगळं पीठ त्यावर पातळ पसरून ठेवलं. माझ्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी होती. तशीच एक पट्टी भिजवून, पिळून तिनं पिठावर ठेवली. तापाला जे करतात ते केलं तिनं. पट्टी उचलली तर खाली पिठाचा चिखल झालेला, बोटांना चिकटायला लागला. ती पट्टीकडं बघतीय, मी तिच्याकडं बघतीय, आणि त्या तापात मला असं हसू आलं की खाट हलायला लागली. तीही हसली. "ह्याला पट्टी सोसत न्हाय," म्हणाली. "ह्याला वाराच बरा."

पंखा घेतला. डाव्या हातानं एक झुळूक मला, एक पिठाला. किती वेळ, ते मला सांगता यायचं नाही, मी मधूनमधून झोपत होते. डोळे उघडले की पंखा चाललेला. एकदा उघडले तर मालक दारात उभे होते, हाताला तेल, तसेच. आत आले नाहीत.

"तुझ्या त्या लोखंडाला तापल्यावर टाकीतलं पाणी लागतं," अम्मा त्यांच्याकडं न बघता म्हणाली. "दिवसभर त्येच्या पाण्याची काळजी. आन् ह्या पिठाला ताप आला तर त्येला कोंडून घालायचं व्हय? त्येला कुणी बघायचं?"

मालक म्हणाले, "चुकलंच."

तिनं पिठात हात घातला. "उतरला ह्याचा. हिचा उतरायचाय अजून."

कांजी करायला ती चुलीशी गेली खरी, पण हात थांबला. खात्री नसलेलं पीठ आजारी सुनेला कसं द्यायचं? आधी तिनं मूठभर पिठाची लहान भाकरी थापली. भाजली, पदरानं पुसली आणि चुलीसमोर बसूनच एक घास मोडला. माझ्या खाटेवरून मला चूल दिसायची. ती चावत होती, अगदी सावकाश, आणि मालक दाराची चौकट धरून उभे होते. गिळायला तिनं एवढा वेळ लावला की मला वाटलं, आता थुंकणार.

"कशी हाय?" ह्यांनी विचारलं.

"जोंधळा चांगला हाय," ती म्हणाली.

इंजिनाचं नाव तिनं घेतलं नाही. पण राहिलेली भाकरी मोडली आणि अर्धी ह्यांच्यापुढं धरली. "खा. ही माझ्या खांद्याची न्हाय."

मालक तिथंच उंबऱ्यावर बसले आणि कोरडीच भाकरी खाल्ली. मग मला कांजी मिळाली.

मी उठले-फिरले तोवर अम्मानं ती खाट पडवीत नेऊन टाकली होती. वर स्वच्छ धोतर, हातात पंखा, आणि आल्यागेल्याला ताकीद, "ताप उतरल्याबिगर डब्यात भरायचं न्हाय." काकी पहिल्यांदा आल्या त्या बघायला म्हणून, दुसऱ्यांदा पायलीभर जोंधळा घेऊन. "आक्का, तुझ्या लेकाचं इंजिन कुणाला तरी दाखव," म्हणाल्या. "येईल त्येला ताप देतंया." पण पीठ घेऊन गेल्या, आणि त्याला कुबट वास आला नाही. मग बाकीच्या बायकाही यायला लागल्या. आमच्या गल्लीत पुष्कळ वर्षं बोलायची तऱ्हाच झाली होती, "दळण झालंय, ताप उतरतोय." नवा पावणा ऐकायचा आणि विचारायचा, घरात कोण आजारी आहे?

गंमत अशी, की इंजिनानं बायकांची सकाळ वाचवली आणि बायकांनी ती पीठ निवेस्तोवर तिथंच बसून घालवली. जात्यावर दोघींत व्हायचं ते बोलणं आता सगळ्या गल्लीचं एकत्र व्हायला लागलं. मालक कुरकुरायचे, की मला पट्ट्यापर्यंत जायला वाट नाही. शेवटी त्यांनीच बाहेर बसायला दगडी कट्टा बांधून दिला. तरी अम्माच्या समोर बसून, खुंट्यावर हातावर हात ठेवून जे व्हायचं, ते काही तिथं झालं नाही. त्याची मला पुढंही चुटपुट लागायची. तिलाही लागत असणार. हळद दळायच्या निमित्तानं ती मला अधूनमधून जात्याशी बोलवायची, आणि हळद दोघी मिळून दळण्याएवढी कधीच नसायची.

तिचा हात अजून कानाच्या वर जात नव्हता, आणि मालक ताटावर अजून भातच मागायचे. एका सकाळी मी नेहमीसारखी फणी घेऊन तिच्याकडं गेले. म्हणाली, "आज न्हाय लागत. माझी मीच घातली." बघितलं तर अंबाडा एका बाजूला कललेला, दोन बटा सुटलेल्या. मी त्याला हात लावला नाही.

मालक गिरणीतनं आले. तिच्या पाठीमागं जरा उभे राहिले, अंबाड्याकडं बघितलं. मग हात धुतले, ताटावर बसले आणि मला म्हणाले, "भाकरी वाढ."