पेटीतल्या अक्षता

मी गणित शिकवते आणि माझा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत जातो. मुलं घाबरतात, पालक घाबरतात, घाबरत नाहीत त्या एकट्या आमच्या मावशी. झाडलोट, पाणी, घंटा आणि शाळेच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे. कणकवलीकडच्या, बोलणं मालवणी आणि नोकरी कंत्राटी. दरवर्षी कागद नवा झाला तरच त्या पुढे राहायच्या.

त्या वर्षी कांजूरमार्गच्या आमच्या मराठी शाळेत वर्गावर्गात मोठे पडदे बसले. भिंतींवरून वायरी फिरल्या. खिचडीच्या तांदळाची पोती पूर्वी ज्या खोलीत असायची, तिथे एक काळी लोखंडी पेटी आली. सगळ्या वर्गांचं इंटरनेट त्या पेटीतून जायचं. आमच्याकडे नीट चाललं, तर आजूबाजूच्या शाळांनाही हेच मिळणार होतं. पहिल्याच आठवड्यात सातवीची पोरं पडद्यावर त्रिकोण गरगर फिरवायला लागली आणि जन्मभर खडू घासलेल्या मी वर्गात चक्क टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पाटीपूजन असतं. पाट्या तर केव्हाच गेल्या, मग पूजा कशाची? म्हटलं, पेटीची. मावशी फुलं आणायला गेल्या होत्या आणि मला कुठला आलाय धीर! मावशींच्या खिळ्यावरची त्या खोलीची किल्ली घेतली, पेटीला हळदकुंकू लावलं आणि मूठभर ओल्या अक्षता वाहिल्या. पेटीच्या वरच्या बाजूला हवेसाठी जाळी होती. तिच्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मावशी झेंडू घेऊन आल्या, तेव्हा मी डोळे मिटून हात जोडून उभी होते.

सुट्टीनंतर पडदे तासभर चालायचे आणि बंद पडायचे. दुरुस्तीचं काम पवईहून येणाऱ्या एका मुलीकडे होतं. तिला मी फोनवर असं झाडलं की बिचारी दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. तिनं पेटी उघडली. आतल्या पंख्यात पिवळे तांदूळ वाळून घट्ट बसले होते. पेटी तापायची आणि बंद व्हायची.

वरून लेखी कारण मागवलं होतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, या खोलीची किल्ली कुणाकडे असते? सगळ्यांनी मावशींकडे पाहिलं. त्या हातातलं फडकं पिळत उभ्या राहिल्या. त्यांचा कागद पुढच्याच महिन्यात नवा व्हायचा होता.

आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत आवाज जाणारी मी? मीही गप्प. घंटा झाली तशी वर्गावर निघून गेले. फळ्यावर साधी बेरीज मांडली, तर पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, बाई, हातचा राहिला. मला स्वतःची इतकी लाज वाटली की डस्टर टेबलावर ठेवलं आणि तशीच खाली उतरले. मुख्याध्यापकांचा वर पाठवायचा कागद अर्धा लिहून झाला होता.

"सर, ते तांदूळ माझे आहेत. तिथे माझं नाव लिहा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि कागद फाडून नवा घेतला. मला लेखी ताकीद मिळाली, ती अजून माझ्या फायलीत आहे. पवईच्या मुलीनं रंगाच्या ब्रशनं पंखा साफ केला आणि दुपारी सातवीचा त्रिकोण परत फिरायला लागला. मावशींचा कागद वेळेवर नवा झाला. पुढे शेजारच्या शाळांनाही पेट्या मिळाल्या. पेटीबरोबर एक छापील सूचनाही जाते: पूजा करायची असल्यास दाराबाहेरून करावी. ती कुणामुळे छापली, हे मी सगळीकडे स्वतःच सांगते आणि मनापासून हसते.

ताकीद मिळाली त्या संध्याकाळी मावशींनी माझ्यासमोर चहा ठेवला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"माका ठावक होता. हात जोडून उभी होतास, तेव्हाच बघलंय. तुमी कधी बोलतास, तेचीच वाट बघी होतंय."

मी विचारलं, आणि बोलले नसते तर? तुमची नोकरी गेली असती ना.

त्यांनी कप माझ्याकडे सरकवला.

"मगे तुमका ही चाय गावली नसती."