बेलभंडारा

पुजाऱ्यानं बेलभंडारा वरूनच टाकला. हात लागू नये म्हणून. बेलाचं पान माया ओंजळीत पडलं, हळद अर्धी लुगड्यावर सांडली. मी देवळाच्या पायरीखाली उभी. पायरी आमच्या वस्तीले बंद. पण आमच्याकडून शपथ घ्यायची असली का देव बरोबर खाली येते, हे मले त्या दिवशी समजलं.

"म्हण," मालक म्हणे. "देवानं नेलं, कोनाचा दोष नाही. भंडारा कपाळाले लाव अन् जाय घरी."

सरकारी सुकडी खाऊन जगलो त्या दुष्काळातली गोष्ट. मालकाच्या वावरात विहीर खोदणं सुरू होतं. माया मानूस खाली सुरुंग लावे, मी वर आलेले दगड वाहून टाको. त्या मंगळवारी एक सुरुंग उडालाच नाही. माया मानूस म्हणे, "मालक, आज कोनी उतरू नये. उद्या पाहू."

मालक काठावर खाट टाकून बसला होता. "भेतं कायले बे? देव हाये ना! उतर. नाही तं उद्यापासून दोघंही येऊ नका."

तो उतरला. माया तोंडाकडे पाहून उतरला अन् खाली पोचताच सुरुंग उडाला. घरी पोरगी उपाशी होती. मंगरूळच्या दवाखान्यात नेता नेता बैलगाडीतच गेला.

आता ठाण्यातून कोनी इचाराले यायच्या आधी मालकाले माया तोंडून वदवून घ्यायचं होतं. साऱ्या गावासमोर.

वस्तीतले लोक मागं उभे. माना खाली. दीर कानाशी म्हणे, "वहिनी, म्हणून टाका. आपल्याले याच गावात राह्यचं हाये." सासू रडून राह्यली होती, "मागच्या जन्माचं पाप असंन वं माय!"

मागचा जन्म मले आठवत नाही. मंगळवार आठवते.

अन् याच दिराच्या हातून मालकाच्या बैलाचा पाय मोडला, तवा मालकानं त्याले झाडाले बांधून मारलं होतं. तवा कोनी म्हटलं नाही का देवाची मर्जी. तवा हात दिराचा होता, गुन्हाही दिराचा. असा राग आला मले! मी ओंजळ उलटी केली.

"मालक, काठावर देव नव्हता बसला. तुमी होते."

वस्तीतले लोक एकेक करत निघून गेले. दीरही. ठाण्यातला मानूस आला, मालकाकडे जेवला अन् गेला. मी त्याच्या वाटेत आडवी झाली तं म्हणे, "बाजूले हो बाई." मायं काम बंद झालं. शेलूबाजारच्या सडकेवर गिट्टी फोडाले जाऊ लागली. तिकडे विहिरीले पाणी लागलं, मालकानं नारळ फोडला, गावभर परसाद वाटला. मी काय करू शकत होती? काहीच नाही. देवाले मनातल्या मनात लय इचारलं, तू नेलं का रे त्याले? तो काही बोलला नाही. मंग इचारणंही सोडून देल्लं.

पोरीले मातर सारे सांगत, "तुया बाप देवाघरी गेला." सासूही तेच सांगे.

मी तिले पुढ्यात बसवलं. "नाही. तुया बाप विहिरीत गेला. मालकानं उतरवला."

ती रडली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतलं. तिले पाठ होईपर्यंत सांगीन.