तांबड्या डोळ्याचा घेवडा

हिटी ग्रोव्हनर चोवीस वर्षं नवऱ्याच्या तळहातावर दोन दाणे ठेवत आली होती. एक मक्याचा, एक घेवड्याचा. गावाची सभा असली की लेम्युएल टोपी घालून दारात थांबायचा आणि काही न बोलता उजवा हात पुढे करायचा. ती दाणे ठेवायची, तो मूठ मिटायचा आणि चालू लागायचा.

आसपासच्या गावांत एव्हाना चिठ्ठ्यांवर मतं घेऊ लागले होते. टॉल्मन हिलने जुनी रीत सोडली नव्हती. वाकडा प्रश्न आला की पेटीत दाणे पडायचे. मका म्हणजे हो, घेवडा म्हणजे नाही. कुणी काय टाकलं ते कुणाला कळायचं नाही. लेम्युएलला या रीतीचा फार अभिमान. राजाचा अंमल होता तेव्हाही या डोंगरावरच्या लोकांनी आपला कारभार आपणच केला, असं तो जेवताना, लाकडं फोडताना, गाईची धार काढतानासुद्धा सांगायचा. त्याचा आजोबा त्या राजाशीच लढला होता. त्याची बंदूक चुलीवरच्या भिंतीला टांगलेली होती आणि दर शनिवारी हिटी ती पुसायची.

बायका सभाघराच्या माडीवर बसून खालचं ऐकत. त्यांना दाणे पिकवता येत, टाकता येत नसत.

हिटीचा घेवडा गावात एकटा होता. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती खालच्या नदीकाठाहून इथे आली तेव्हा आईने एका मोज्यात बी बांधून दिलं होतं. पांढरा दाणा, आणि अंकुराच्या जागी तांबडा ठिपका, रडून लाल झालेल्या डोळ्यासारखा. शेजारणींनी बी मागून नेलं, पण त्यांच्या मातीत तो धरला नाही. त्यांचा घेवडा पिवळ्या डोळ्याचा. दर शनिवारी हिटी काकवी आणि खारवलेलं डुकराचं मांस घालून मडकं भट्टीत सरकवायची आणि रॉक्सी ब्लिस कुंपणापलीकडून म्हणायची, "हिटी, तुझं मडकं उघडलं की आमच्या ह्यांना माझा स्वयंपाक आठवतच नाही बघ!"

लेम्युएल माणूस सरळ. इतका सरळ की घरच्यांना टोचायचा. एके वर्षी गावाने त्याला कोंडवाड्यावर नेमलं होतं आणि त्याचीच गाय कुंपण मोडून दुसऱ्याच्या ओटच्या शेतात शिरली. शेजारी म्हणाला, "अहो ग्रोव्हनर, असू द्या, जनावर आहे." लेम्युएलने गाय नेऊन कोंडवाड्यात घातली आणि चार दिवस तिथेच ठेवली. घरात दोन तान्ह्या मुली होत्या.

"दुधाचं काय करू?" हिटीने विचारलं.

"रॉक्सीकडून आण."

"आपली गाय असताना?"

"आपली आहे म्हणूनच," तो म्हणाला.

त्या मुली पुढे घटसर्पाने एकाच आठवड्यात गेल्या. त्याचा गाईशी संबंध नव्हता, हे हिटीलाही कळत होतं. राहिला एकटा आल्वा. तो दातांतून शीळ घालायचा, ओले बूट भट्टीपाशी ठेवून करपवायचा आणि आई पीठ मळत असली की कच्च्या पिठाचा गोळा पळवायचा.

"पोटात फुगेल मेल्या!"

"फुगू दे गं आई. मग रात्री जेवायला नको."

"नको म्हणे. तीन वाट्या घेवडा कोण खातं मग, माझा सासरा?"

लढाई सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. दक्षिणेकडची राज्यं फुटून गेली होती, गुलामांचा प्रश्न होता, देश एक राहायचा की नाही हा प्रश्न होता. हिटी त्यात डोकं घालत नव्हती असं नाही. माणूस विकणं पाप आहे असं तिचंही ठाम मत होतं. पण त्या ऑगस्टात सरकारचं पत्र आलं की टॉल्मन हिलने नऊ महिन्यांसाठी सात माणसं द्यावीत. पाच स्वखुशीने निघाली. दोन कमी पडत होती.

पंचांनी सभा बोलावली. प्रश्न साधा होता. गावाने वर्गणीतून पैसे घालून बंदरावरची दोन माणसं भाड्याने आणायची का? हो ठरलं तर प्रश्न मिटला. नाही ठरलं तर गावातल्या तेवीस तरण्या पोरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकून दोन काढायच्या. तेविसांत आल्वा होता आणि रॉक्सीचा ओरिनही.

सभेच्या सकाळी रॉक्सी कुंपणाशी आली. "आमच्या ह्यांना मी सांगून ठेवलंय. घेवडा घरातून न्यायचाच नाही. खिशात नुसता मका. पेटीत हात घालू दिला असता तर मूठभर टाकला असता त्यांनी."

"हळू बोल गं."

"हळू कशाला? पोर माझं आहे. तुमचे काय टाकणार?"

"ते विचारायचं नसतं," हिटी म्हणाली. मग म्हणाली, "पण मुलगा त्यांचाही आहे."

लेम्युएल दारात आला. हात पुढे केला. हिटीने दोन दाणे ठेवले. मक्याचा तिने मुद्दाम मोठा, टपोरा निवडला होता. असल्या गोष्टीने काही होत नाही, हे तिला माहीत होतं.

माडीवरून तिने पेटीपाशी जाणारी एकेक पाठ पाहिली. लेम्युएलची पाठ इतरांसारखीच होती. कारकुनाने टेबलावर दाणे ओतून मोजले. मका सत्तावीस, घेवडा अठ्ठावीस.

खाली म्हातारे, ज्यांच्या घरात तरणं पोर नव्हतं, त्यांनी टोप्या घातल्या. माडीवर रॉक्सी मोठ्याने म्हणाली, "एका दाण्याने! एका दाण्याने गं!"

सभाघर झाडायचं काम सात वर्षं हिटीकडे होतं. सभेतले दाणेही तिनेच न्यायचे, कोंबड्यांना. माणसं पांगल्यावर तिने कोपरे झाडले, बाकं पुसली आणि मग टेबलाशी आली. आधी मक्याचे दाणे चाळले. मका सगळ्यांचा सारखाच, तिचा टपोरा दाणा त्यात असला तरी ओळखू येईना. तरी तिने दोनदा चाळले. घेवड्याला हात लावायचं ती टाळत होती.

मग लावला. पिवळे डोळे, पिवळे डोळे, काही नुसते पांढरे. आणि त्यांत एक तांबडा डोळा.

ती बाकावर बसली. खिडकीतून ऊन येत होतं आणि बाहेर कुणीतरी घोड्याला शिव्या देत होतं. सभाघराच्या दारात कुणाकडे घेवडा नसेल, तिने मनाशी जुळवलं. त्याने यांच्याकडे मागितला असेल. यांनी दिला असेल. रॉक्सीचा नवरा पीलेगच घेवडा न घेता आला होता की. पण पीलेगला घेवडा कशाला हवा होता?

तो दाणा तिने शिवणाच्या डबीत, सुयांच्या खाली ठेवला. नवऱ्याला काही विचारलं नाही.

तीन दिवसांनी त्याच पेटीत चिठ्ठ्या टाकल्या. पहिली लोहाराच्या पुतण्याची निघाली. दुसरी आल्वाची.

रॉक्सी रडत आली आणि हिटीच्या गळ्यात पडली, आणि तिच्या रडण्यात सुटकेचा हुंदका मिसळलेला होता, हे दोघींनाही कळलं. "नऊच महिने आहेत," ती म्हणाली. लेम्युएलही तेच म्हणाला. "नऊ महिन्यांचीच तर गोष्ट आहे."

"नऊ महिन्यांत काय काय होतं ते मला ठाऊक आहे," हिटी म्हणाली.

निघण्याआधी आल्वा चुलीपाशी बसून बुटांना चरबी लावत होता. "बाबा फार गप्प आहेत गं."

"ते कधी बोलके होते?"

"मला म्हणाले, तुझा अभिमान वाटतो. पणजोबांची बंदूकसुद्धा देत होते! तिच्यातून उडेल तर कोळ्याचं जाळं उडेल." तो हसला. हिटीही हसली. त्याला तेव्हा सांगता आलं असतं. पण बापाचा राग पोटात घेऊन पोर लढाईवर जाईल, या भीतीने तिने डबी उघडली नाही.

पत्रं लुइझियानाहून येत. उकाडा, चिखल, डास, आणि इथला घेवडा खाण्यालायक नाही. जूनमध्ये पत्रं थांबली. नऊ महिने भरायला थोडे दिवस उरले असताना हिटीने त्याचा बिछाना उन्हात टाकला, गवताची गादी नव्याने भरली. पत्र आलं ते दुसऱ्याच्या हातचं. ताप. आठ दिवस. तिकडेच पुरलं.

तो गुरुवार होता. शुक्रवारी हिटीने कोठीतली बियाण्याची बरणी काढली. आईचं बी, दर वर्षी निवडून राखलेलं; यंदा तिने ते पेरलंच नव्हतं. ते तिने सगळं भिजत घातलं. शनिवारी काकवी घालून मडकं भट्टीत सरकवलं.

संध्याकाळी लेम्युएल जेवायला बसला. प्रार्थना म्हटली. तिने वाढलं आणि ताटाच्या कडेला तो एक कोरडा दाणा ठेवला.

"हे काय?"

"सभेच्या पेटीतला. गेल्या सप्टेंबरातला."

त्याचा चमचा थांबला. हिटी समोर बसली. नऊ महिने मनात घोळवलेला प्रश्न तिने विचारला, आणि विचारतानाच उत्तर त्याच्या हातात दिलं. "दारात कुणी मागितला होता ना तुमच्याकडे? कुणाकडे नव्हता म्हणून तुम्ही दिलात. असंच झालं ना हो?"

त्याने तो दाणा उचलून बोटांत धरला. एक शब्द पुरला असता. 'हो' म्हणाला असता तर तिने विश्वास ठेवला असता, उरलेला जन्म ठेवला असता.

"नाही," लेम्युएल म्हणाला. "मीच टाकला."

"का?"

"ज्याचं पोर यादीत नव्हतं त्याने मका टाकला तर चाललं असतं, हिटी. मी कसा टाकू? माझं वाचावं म्हणून? गावाच्या पैशाने?" त्याने चमचा खाली ठेवला. "माझं पोर नसतं तर मी मकाच टाकला असता."

ही त्याची चूक होती की त्याचा धर्म, हे तिला कळेना. कळून उपयोगही नव्हता. बाकीच्या म्हाताऱ्यांनी पैसे वाचवायला घेवडा टाकला होता. त्यांच्या सत्तावीस दाण्यांत याचा एक जाऊन पडला होता, आणि मोजताना तो त्यांच्यासारखाच मोजला गेला होता.

"जेवा," ती म्हणाली. "थंड होईल."

तो जेवला. अन्न टाकायचं नाही, ही त्याची लहानपणापासूनची सवय. रडत होता आणि जेवत होता. "बी ठेवलंस ना?" त्याने शेवटी विचारलं.

"बीच शिजवलंय."

पुढच्या मार्चमध्ये सभा भरली. लेम्युएल टोपी घालून दारात आला आणि सवयीने हात पुढे केला. हिटी भांडी घासत होती. तिने हात पुसले नाहीत.

"घरात दाणे नाहीत," ती म्हणाली.

कोठीत मक्याचं अर्धं पोतं होतं. ते दोघांनाही माहीत होतं. तो जरा वेळ तसाच उभा राहिला, हात पुढे, बोटं थोडी वाकलेली. मग त्याने हात खिशात घातला आणि चिखलातून सभाघराकडे निघाला. ती माडीवर गेली नाही. भांडी संपल्यावर तिने भिंतीवरची बंदूक पाहिली. शनिवार होता. तिने ती पुसली नाही.